दादाच्या हाताला येईल असा स्टिरिओ

आमच्या जुन्या गाडीतला स्टिरिओ दादाच्या ताब्यात असायचा. गाडी चालवायची मी, मागे पडद्यांचे गठ्ठे आणि शेजारच्या सीटवर दादा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शाळेत गणित शिकवायचा. काचबिंदूनं त्याची नजर हळूहळू अधू होत गेली, आणि फळ्यावर लिहिलेलं स्वतःचंच अक्षर दिसेनासं झालं तेव्हा त्यानं नोकरी सोडली. आता त्याला उजेड आणि अंधार एवढाच काय तो फरक कळतो. तो आमच्याकडेच राहतो. संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घेतो आणि दिवसा माझ्याबरोबर कामावर येतो. मी पडदे शिवते. घरांचे, दवाखान्यांचे, सभागृहांचे. शिवून झाले की तिथं जाऊन लावूनही द्यावे लागतात, आणि ते एकटीचं काम नाही. शिडीवर मी चढते. खाली दादा एकेक चुणी चाचपत हूक अडकवत जातो आणि तोंडानं मला सूचना देत राहतो, ज्यांतल्या निम्म्या मी ऐकत नाही.

गाडीत मात्र त्याचंच राज्य. त्या जुन्या स्टिरिओला आवाजाचं एक गोल बटण होतं, फिरवलं की बोटांना बारीक खटखट लागायची. त्याखाली चौकोनी बटणांची ओळ, त्यातल्या एकाचा कोपरा उडालेला. दादाला सगळं पाठ होतं. बातम्या कुठे, जुनी गाणी कुठे, तो झोप आणणारा आरोग्याचा कार्यक्रम कुठे. मला विचारायची पद्धत नव्हती. "चालवणाऱ्यानं रस्त्याकडे बघावं," म्हणायचा. गाणं लागलं की आधी गाणाऱ्याची खोड काढायची, मग वाजवणाऱ्यांची, आणि शेवटी स्वतःच सूर लावायचा. चौकात गाडी हळू झाली की तो आपण होऊन आवाज कमी करायचा आणि चौक ओलांडला की वाढवायचा. मी त्याला तसं कधी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

काम वाढलं तशी ती गाडी अपुरी पडायला लागली. लांब रॉड न्यायचा म्हणजे तो खिडकीतून बाहेर काढून वर लाल फडकं बांधायचं, आणि मागचे गाडीवाले शिव्या घालायचे. शेवटी आम्ही एक वापरलेली पण चांगली उंच व्हॅन घेतली. बाजूला सरकतं दार, मागे बिनकाचेचं पत्र्याचं दार, रॉड सरळ आत जातात. एकच खोट होती. तिचा स्टिरिओ म्हणजे डब्यात खडे घालून हलवावे तसा वाजायचा आणि एका दारातून नुसती खरखर यायची.

"हे माझ्याकडे लागलं," आमचे हे म्हणाले.

ह्यांना यंत्रांची भारी हौस. पंपाच्या कारखान्यात हिशेब बघतात. दिवसभर आकडे बघून डोळे दुखले की संध्याकाळी मोबाईलवर लोकांनी खोललेली यंत्रं बघत बसतात. स्टिरिओचं ठरल्यापासून जेवताना दुसरा विषय नव्हता. कुठल्या कंपनीच्या स्टिरिओचा पडदा उन्हात दिसतो, कुठला दिसत नाही, कुठल्याला मागचा कॅमेरा जोडता येतो. दादालाही त्यांनी सामील करून घेतलं. "दादा, यंत्र माझं, स्पीकर तुमचे. कान तुमच्याइतका आमच्यात कुणाचा नाही."

दादाला हे ऐकून किती बरं वाटलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दुकानात जायच्या दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला.

दुकान बाजारपेठेच्या मागच्या रस्त्यावर होतं. मालकाचा धंदा हॉर्न विकण्यापासून सुरू झालेला आणि बोलणंही तसंच मोठ्यानं, म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणतात. तोंडावरसुद्धा म्हणतात आणि तो ओ देतो. एका भिंतीवर नुसते स्पीकर, दुसऱ्या भिंतीवर स्टिरिओ, मध्ये खटक्यांची पाटी. खटका दाबला की हवा तो स्टिरिओ हव्या त्या स्पीकरमधून वाजणार.

दादानं तिथं स्टूल मागवून घेतलं. एकच गाणं त्यानं एकामागून एक स्पीकरवर लावायला लावलं. हा नाकातून बोलतो. ह्याचा ढोल सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहतो. ह्यात बाई पडद्याआड गातेय. भोंगा आधी हसला, मग कंटाळला, मग त्यालाही गंमत वाटायला लागली. शेवटी दादानं जे निवडले ते खरंच चांगले होते, एवढं मलाही कळलं.

तोवर ह्यांनी यंत्र निवडून ठेवलं होतं. भली मोठी काळी काच, तळहात पसरला तरी उरेल एवढी.

"ह्याला बटण कुठंय?" दादानं विचारलं.

"बटणच नाही. नुसता हात लावायचा. गाडी मागे घेताना मागचं सगळं चित्र ह्याच्यावर दिसतं. हिला फार उपयोगी पडेल."

"वा," दादा म्हणाला.

त्या 'वा'कडे कुणी लक्ष दिलं नाही. मीसुद्धा नाही. मी कॅमेऱ्याचं चित्र बघत होते. आमच्या व्हॅनला मागे काच नाही, आणि अरुंद गल्ल्यांत माल उतरवायला मला ती उलटी घ्यावी लागते. नुसत्या त्या चित्रासाठी मी त्या पडद्यावर खूश होते.

स्टिरिओ बसवला. पहिल्या रविवारी ह्यांनी आम्हाला गावाबाहेर मोठा फेरफटका मारून आणलं. आवाज असा की सरकत्या दाराच्या कड्या थरथरत होत्या. ह्यांनी कारखान्यातल्या दोन मित्रांनाही वाटेत बोलावून ऐकवलं. दादा मागे बसला होता. त्यानं स्पीकरचं कौतुक केलं, स्वतः निवडलेले असल्यामुळे जरा जास्तच केलं.

सोमवारी आम्ही दोघं दंतवैद्याच्या दवाखान्यात पडदे लावायला निघालो. रस्त्याला लागलो तशी दादानं सवयीनं हात पुढे नेला. बोटं काचेवर टेकली. नकाशा उघडला. त्यानं बोट सरकवलं, नकाशाही सरकला. त्यानं आणखी कुठंतरी दाबलं, आणि स्पीकरमधून घंटी वाजायला लागली. चारी बाजूंनी, दणदणीत. मग ह्यांचा आवाज आला.

"काय गं? मी साहेबांसमोर बसलोय."

"काही नाही, दाजी," दादा म्हणाला. "चुकून लागला."

"बरं," म्हणून ह्यांनी फोन ठेवला. दादानं हात परत घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

"काय लावू?" मी विचारलं.

"तू रस्त्याकडे बघ."

लाल दिव्यापाशी थांबल्यावर मी गाणी लावली. जे लागलं ते त्याला आवडत नव्हतं हे मला माहीत होतं, पण बदलायला पुढचा लाल दिवा यावा लागणार होता. चौकात मागून रुग्णवाहिका आली, तिचा भोंगा मला गाण्यात ऐकूच आला नाही. शेवटच्या क्षणाला आरशात दिसली. मी गाडी कशीबशी कडेला घेतली.

"बंद कर ते," दादा म्हणाला.

त्यानंतर आम्ही शांतपणे जायला लागलो. डोकं दुखतंय, झोप येतेय, आज नको, असं रोज काहीतरी निघायचं. निवडून आणलेले स्पीकर दारांत गप्प बसलेले. रस्ता तोच, पण फार लांब वाटायला लागला.

मी माझ्या परीनं उपाय केले. शिवणाच्या डब्यातल्या टिकल्या काचेवर चिकटवल्या: ही आवाज वाढवायची, ही कमी करायची. दादानं टिकली दाबली, आवाज वाढला. आम्ही दोघं हसलो. मग नकाशा उघडल्यावर त्याच टिकलीखाली दुसरंच काहीतरी आलं आणि यंत्रातली बाई आम्हाला डावीकडे वळायला सांगायला लागली. मग बोलून हुकूम द्यायची सोय वापरून पाहिली. दादानं स्वच्छ, शाळेतल्या आवाजात गाणं मागितलं. यंत्रानं त्याला जवळच्या सिमेंटच्या दुकानाचा पत्ता दिला. त्यानं पुन्हा मागितलं. दुसरं सिमेंटचं दुकान.

"ही बाई माझं ऐकत नाही," दादा म्हणाला. "तुझी नातेवाईक दिसते."

पण नंतर त्यानं काही मागितलं नाही. टिकल्या मी नखानं खरवडून काढल्या.

ह्यांना सांगायला हवं होतं आणि मी सांगत नव्हते. दोन कारणं होती. एक म्हणजे, ते रोज घरी आल्यावर विचारायचे, "आज काय ऐकलंत?" आणि त्यांचा चेहरा असा उत्सुक असायचा की माझी जीभ उचलत नसे आणि मी "गाणी" एवढंच म्हणायचे. दुसरं म्हणजे कॅमेरा. तो पडदा गेला तर माझा कॅमेरा गेला.

ते फुटलं महिन्याभरानं, एका संध्याकाळी जेवताना. हे व्हॅन घेऊन किराणा आणायला गेले होते. स्टिरिओ सुरू केला तर मागच्या रविवारी त्यांनीच अर्धवट सोडलेलं गाणं तिथूनच पुढे सुरू झालं.

"तुम्ही आठवडाभर काहीच लावलं नाही?" त्यांनी विचारलं.

मी दादाकडे पाहिलं. तो भाजी शोधत असल्यासारखा ताटात बोटं फिरवत राहिला.

"दादाला ते लावता येत नाही," मी म्हटलं. "काच आहे ना. हाताला काही लागत नाही."

ह्यांनी घास खाली ठेवला. मग दादाला म्हणाले, "दुकानात तुम्ही होतात. तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं घेत होतात."

"म्हणून तोंडात मिठाची गुळणी धरायची?"

"दाजी, ह्या घरात माझ्यासाठी काय कमी करावं लागतं? खुर्ची हलवायची नाही, दार अर्धवट ठेवायचं नाही, चपला वाटेत सोडायच्या नाहीत. पाणी ओतलं की कुठे ठेवलं ते सांगायचं. त्यात आणखी एक कशाला? गाणी ऐकली नाहीत तर माणूस मरत नाही."

"म्हणजे मी परका," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "खुर्च्या हलवत नाही ते काय उपकार म्हणून? सवय आहे ती. तुम्ही सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथं दुसरं घेतलं असतं. आता मी महिनाभर गावभर मिरवलो, आणि माझ्याच घरात ते कुणी लावत नव्हतं. मित्रांचं सोडा, मला स्वतःलाच कसं वाटत असेल?"

दादानं ताट बाजूला सारलं.

"तुमचं दोघांचं ठरलेलं होतं," हे माझ्याकडे वळले.

"ठरलेलं नव्हतं," मी म्हटलं. "मला कॅमेरा हवा होता."

निदान ते खरं होतं. ह्यांनी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेले. त्या रात्री भांडी त्यांनीच घासली, नेहमीपेक्षा जास्त आवाज करत.

नंतरचे दिवस घरात सगळे एकमेकांशी फार नीट वागत होते. दादा शिकवणीत मुलांवर उगाच खेकसत होता. मग शनिवारी सकाळी हे त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"दादा, शर्ट घाला. भोंग्याकडे जायचंय."

"दाजी, राहू द्या."

"शर्ट घाला."

दुकानात ह्यांनी भोंग्याला एवढंच सांगितलं, "बटणं असलेला दाखव. हाताला लागतील अशी."

भोंगा डोकं खाजवायला लागला. "साहेब, बटणांचा जमाना गेला. तसले आता मालवाहू ट्रकवाले तेवढे घेतात. हातमोजे घालून चालवतात ना, त्यांना काच चालत नाही."

"मग ट्रकवाल्यांचा दाखव."

त्यानं मागच्या फडताळातून तीन-चार स्टिरिओ काढून काउंटरवर मांडले. दादाला स्टूल दिलं. दादानं पहिला हातात घेतला, पाठीपोटी चाचपला, बटणांच्या ओळीवरून अंगठा फिरवला.

"सगळी एका उंचीची. कुठलं कुठलं ते कळणार कसं? नको."

दुसऱ्याला एकच मोठं गोल बटण होतं. भोंग्यानं त्याचे गुण सांगितले. फिरवलं की आवाज, दाबून फिरवलं की स्टेशन, दाबून धरलं की आणखी काही, दोनदा दाबलं की आणखी काही.

"हे बटण नाही," दादा म्हणाला, "हा कारकून आहे. कधी कुठलं काम करेल सांगता येत नाही."

"कारकुनांना मध्ये आणू नका," हे म्हणाले.

सकाळपासून त्यांचं दादाशी बोललेलं हे पहिलं धड वाक्य. दादानं मान वळवली. "हिशेबनीसांना म्हटलेलं नाही."

"आम्हालाही मध्ये आणू नका."

भोंगा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मी तिसरा स्टिरिओ दादाच्या हातात दिला. तो जाडजूड होता, दिसायला अगदीच रांगडा. गोल बटणाला बाहेरून खाचा. खालची बटणं सुटी सुटी, त्यातल्या दोन बटणांवर बारीक उंचवटा. दादानं एकेक दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी टक असा आवाज येत होता. त्यानं बोटं मागे घेतली, परत नेली, पहिल्याच खेपेला गोल बटणावर.

"जोडा बघू."

भोंग्यानं तो आमच्यासारख्याच स्पीकरना जोडला. दादानं बातम्या शोधल्या, गाणी शोधली, परत बातम्यांवर आला. मग तोंड वाकडं केलं. "ढोल पुढे येतोय."

ते कमी करायची सोय बारक्या हिरव्या पट्टीवर अक्षरांत होती. ती वाचायला हे पुढे झाले. "कमी करतो. आता?"

"अजून."

"आता?"

"आता फार झालं. एक वर."

"एक वर म्हणजे मघाशी होतं तेच."

"मघाशी तुम्ही दोन खाली गेला होतात. मला डोळ्यांदेखत फसवू नका."

हे हसले. हसायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण हसले. नंतर दोघं बराच वेळ त्या ढोलाच्या मागे लागले होते आणि मी बाहेर जाऊन चहा घेऊन आले तरी त्यांचं संपलं नव्हतं.

मग ह्यांनीच विचारलं, "आणि कॅमेरा? हिला मागचं दिसायला नको?"

दादा लगेच स्टुलावरून उठला. "मग राहू दे. गाडी ती चालवते."

"बस तू," मी म्हटलं.

भोंगा म्हणाला, आरशातच चित्र दिसेल असा आरसा मिळतो. नेहमीच्या आरशावर बसतो, गाडी मागे घेतली की एका कडेला चित्र येतं. त्यानं लावून दाखवला. खरं सांगायचं तर त्या काळ्या काचेवरच्या चित्राच्या पासंगालाही ते पुरत नव्हतं. पट्टीएवढं चित्र, कडा फिकट. हे ते बघून नाक मुरडत होते आणि माझ्याकडे बघत होते.

मी चित्राकडे नीट पाहिलं. खांब, माणूस, भिंत यांतलं काय आहे ते कळत होतं.

"चालेल मला," मी म्हटलं.

"नक्की?" ह्यांनी विचारलं. "नंतर जेवताना सांगू नकोस."

"नक्की."

दुपारपर्यंत बसवून झालं. मोठ्या काचेच्या जागी हा लहान, म्हणून खाली रिकामी खाच उरली. भोंग्यानं तिथं एक कप्पा बसवून दिला. दादानं त्यात लगेच आपल्या पेपरमिंटच्या गोळ्या ठेवल्या. हिरवा दिवा लागला तेव्हा हे म्हणाले, "वजनकाट्यासारखा दिसतोय."

"मला छान दिसतोय," दादा म्हणाला.

घरी येताना हे मागे बसले. दादानं बातम्या लावल्या, त्या संपल्यावर गाणी. पहिल्याच गाण्यात त्यानं गाणाऱ्याची खोड काढायला सुरुवात केली. हे मागून म्हणाले, "जरा ऐकू द्या की." दादानं आवाज वाढवला आणि बोलणंही वाढवलं.

आरशातलं चित्र अंगवळणी पडायला मला वेळ लागला. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाची फुलझाडाची कुंडी मी फोडली, ती भरून दिली. आता जमतं. कधीकधी त्या मोठ्या पडद्याची आठवण येते, खोटं कशाला बोलू. तो पडदा ह्यांनी बरेच दिवस कपाटावर ठेवला होता, मग कारखान्यातल्या एका मित्राला दिला. त्याच्या गाडीत तो छान शोभतो म्हणतात.

परवा आमचं कपडे धुण्याचं मशीन बिघडलं आणि दुरुस्त होण्यापलीकडे गेलं. हे संध्याकाळी परस्पर दुकानात गेले. तिथून फोन आला, तो मला नाही, दादाला. मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. दादा विचारत होता, बटण फिरतं की नुसतं दिसतं? फिरवल्यावर खटका लागतो का? किती खटके? बराच वेळ चाललं. मग "हं" म्हणून त्यानं फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, खटके चांगले आहेत, तेव्हा मशीन आता मी लावायचं." दादानं फोन खिशात टाकला. "आणि वाळत घालायचं काम ते करणार आहेत."

मशीन दुसऱ्या दिवशी आलं. दोघंही आपापलं काम करतात. पांढऱ्या कपड्यांत रंगीत जाऊ नयेत म्हणून ते वेगळे करून ठेवायचे, तेवढं माझ्याकडे आहे.